एका आण्याचा ठराव : मांबलम आणि त्यागराय चेट्टी



चेन्नईला कधी गेलात तर मांबलम स्टेशनवर एकदा उतरून बघा. लोकल थांबते, गर्दी बाहेर पडते आणि जिन्यावर तिच्या दोन वाटा होतात. पूर्वेला उतरलात तर तुम्ही रंगनाथन स्ट्रीटवर, म्हणजे टी. नगरच्या बाजारात. साड्या, स्टीलची भांडी, सोनं, आणि दिवाळीच्या आधी तर पाय ठेवायला जागा नाही. पश्चिमेला उतरलात की वेस्ट मांबलम. अरुंद गल्ल्या, भाजीवाले, फुलांच्या वेण्या विकणाऱ्या बायका, मेस, देवळं, आणि दोन-तीन मजली जुनी घरं. मध्ये फक्त रूळ आहेत. मोटारीनं जायचं तर दुरैसामी सबवे. पाच मिनिटांचं अंतर, पण दोन वेगळी गावं वाटावीत इतका फरक.

आपल्यापैकी बरेच जण पुणे-मुंबई-नागपूरहून ऐकताय, काही बेळगावहून, काही बडोदा-इंदूरहून. चेन्नईत राहणारे मराठी श्रोतेही आहेत, आणि तंजावरची मराठी घरात बोलणारी कुटुंबंही. त्यांना मांबलम मी काय सांगणार! पण टी. नगर या नावातला ‘टी’ कोण, असं विचारलं तर तिथलेही पुष्कळ लोक क्षणभर थांबतात. टी म्हणजे त्यागराय. पूर्ण नाव पिट्टी त्यागराय चेट्टी. शाळेच्या पुस्तकात भेटतात ते जस्टिस पार्टीचे संस्थापक म्हणून. ते खरंच आहे. पण आज मला ते सांगायचे आहेत ते नगरसेवक म्हणून. कारण या माणसानं मद्रासच्या महापालिकेत जवळजवळ चाळीस वर्षं काढली. चाळीस वर्षं, मंडळी! आमदारकीची पायरी म्हणून नगरसेवकपदाकडे बघायची सवय लागलेल्या आपल्याला हा आकडा जरा पचवायला वेळ लागतो.

आधी महापालिकेबद्दल दोन शब्द. मद्रासची महापालिका ही भारतातली सर्वांत जुनी. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, 1688 साली ती सुरू झाली, महापौर वगैरे सगळं घेऊन. पण ती जुनी होती म्हणून लोकांची होती असं समजू नका. रयतेनं मतं देऊन माणूस पाठवायचा ही गोष्ट यायला 1878 साल उजाडलं. त्या वर्षीच्या कायद्यानं 32 सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडायचे असं ठरलं. करदाते म्हणजे अर्थातच घरपट्टी भरण्याइतकी ऐपत असलेले पुरुष. त्यानंतर चारच वर्षांनी, 1882 साली, तीस वर्षांचे त्यागराय चेट्टी या सभागृहात आले.

त्यांचा जन्म 1852 चा. देवांग समाजातले, म्हणजे विणकरांचे. घरची भाषा तेलुगू. प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदवी घेतली आणि धंद्यात पडले. हातमाग हा त्यांचा वंशपरंपरेचा विषय होता आणि मागावरच्या सुधारणांत त्यांना शेवटपर्यंत रस होता. पुढे 1909 मध्ये सदर्न इंडिया चेंबर ऑफ कॉमर्स निघालं त्यात ते पुढे होते. स्वभावानं धार्मिक, कपडे नेहमी पांढरे. तमिळमध्ये त्यांना ‘वेळ्ळुडै वेंदर’ म्हणत, म्हणजे शुभ्र वस्त्रांतला राजा. पैसा होता, मान होता, आणि तरी हा माणूस वर्षानुवर्षं जाऊन बसत होता कुठे? तर गटारं, पाणी, दिवाबत्ती, बाजाराचे गाळे यांवर चर्चा करणाऱ्या सभेत.

त्या काळातल्या महापालिकेत लोकांनी निवडलेल्या सभासदाच्या हातात फार काही नव्हतं, हे लक्षात घ्या. अध्यक्ष सरकार नेमणार. गोरे व्यापारी, त्यांच्या संस्था, सरकारी अधिकारी यांच्या जागा ठरलेल्या. तुम्ही प्रश्न विचारू शकता, अंदाजपत्रकावर बोलू शकता, एखाद्या खर्चाला हरकत घेऊ शकता. म्हणजे चिकाटी हेच भांडवल. आज एखादा नगरसेवक दोन टर्ममध्ये कंटाळतो आणि त्यागराय चेट्टींच्या कारकिर्दीतली पहिली अडतीस वर्षं अशी आहेत की ज्यांत त्यांच्याकडे निर्णयाची खुर्ची नव्हती! मला या माणसाचं सगळ्यांत जास्त कुतूहल वाटतं ते इथे.

मराठी श्रोत्याला इथं पुण्याची आठवण होणारच. 1876 पासून काही वर्षं जोतीराव फुले पुणे नगरपालिकेत होते, सरकारनियुक्त सभासद म्हणून. 1880 साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार, त्यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करायचा प्रस्ताव आला. नियुक्त सभासद 32. विरोधात मत एकच पडलं, जोतीरावांचं. सरकारनं नेमलेला माणूस सरकारच्या पाहुण्यावरच्या खर्चाला नाही म्हणतो, आणि तो पैसा शिक्षणावर घाला म्हणतो. त्याच काळात दारूची दुकानं वाढताहेत याविरुद्धही त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहिलं. आणि मंडईच्या मोठ्या इमारतीवर पैसा घालू नका, शाळांवर घाला, हेही त्यांचं म्हणणं होतं. इमारत झालीच. 1886 मध्ये उघडली, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं. पुढे आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत असताना तिला नाव मिळालं महात्मा फुले मंडई! ज्या बांधकामाला विरोध केला त्यालाच आपलं नाव लागलेलं बघून जोतीराव काय म्हणाले असते, हा विचार मंडईत भाजी घेताना माझ्या मनात हमखास येतो.

फुल्यांचं आणि चेट्टींचं सगळं जमतं असं मी म्हणत नाही. एक शेतकऱ्यांच्या बाजूनं आसूड उगारणारा, दुसरा प्रतिष्ठित व्यापारी. पण दोघांनाही कळलेलं एक होतं, की नगरपालिकेच्या अंदाजपत्रकातल्या एका ओळीत अख्खं सामाजिक धोरण मावतं. ती ओळ कशावर आहे ते बघायचं.

आता 1916 वर येऊ, कारण ते टाळून पुढं जाता येत नाही. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मद्रासमध्ये काही मंडळी जमली आणि साउथ इंडियन लिबरल फेडरेशन नावाची संस्था निघाली. डॉ. टी. एम. नायर, डॉ. सी. नटेश मुदलियार आणि त्यागराय चेट्टी हे तिघं पुढारी. डिसेंबरमध्ये त्यागरायांच्या सहीनं ब्राह्मणेतरांचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला. सरकारी नोकऱ्यांत, विद्यापीठात, कायदेमंडळात ब्राह्मणेतरांना त्यांच्या संख्येच्या मानानं किती कमी जागा आहेत, हा त्याचा गाभा. ‘जस्टिस’ नावाचं इंग्रजी पत्र निघालं आणि पक्षालाही तेच नाव चिकटलं. यातले नायरही मद्रास महापालिकेत बरीच वर्षं सभासद होते, ट्रिप्लिकेनचे. म्हणजे तिघांपैकी दोघं गटारं-पाण्याच्या सभेतून तयार झालेले! कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1902 मध्ये निम्म्या जागा राखीव ठेवल्याचा हुकूम काढला होता. मद्रासचं पहिलं जातवार नेमणुकांचं सरकारी फर्मान 1921 मधलं. ही साखळी मोठी आहे, तिच्यावर स्वतंत्र भाग करू.

1919 साली दोन गोष्टी बदलल्या. मद्रास शहराचा नवा महापालिका कायदा आला: 50 सभासद, त्यातले 30 शहरातल्या 30 विभागांतून निवडलेले, आणि अध्यक्ष सभागृहानं निवडायचा. दुसरीकडे प्रांतात माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा लागू झाल्या. 1920 च्या निवडणुकीत जस्टिस पक्ष जिंकला. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डननं त्यागराय चेट्टींना बोलावलं आणि मंत्रिमंडळ बनवा म्हणाला. आजच्या भाषेत मुख्यमंत्रिपद. ते नको म्हणाले. सुब्बरायलु रेड्डियार मुख्यमंत्री झाले, काही महिन्यांत ते प्रकृतीमुळे गेले आणि पानगलचे राजे आले. चेट्टी राहिले कुठे? महापालिकेत. 1920 मध्ये ते सभागृहानं निवडलेले पहिले अध्यक्ष झाले.

काही जण म्हणतात, त्याग. मी एवढ्या मोठ्या शब्दाला घाबरतो. वय सत्तरीकडे आलं होतं, पक्षाचं अध्यक्षपद होतं, आणि ज्या खुर्चीसाठी आयुष्य घालवलं ती नुकती मिळाली होती. माणूस आपलं घर सोडून दुसऱ्याच्या वाड्यात कशाला जाईल, असं मला साधं वाटतं.

त्या खुर्चीवरून त्यांनी काय केलं, तर आता आपण आण्यावर येतो.

मद्रासमध्ये माउंट रोडजवळ थाउजंड लाइट्स नावाचा भाग आहे. तिथल्या मशिदीत हजार दिवे लावत, त्यावरून नाव. तिथं महापालिकेची एक प्राथमिक शाळा होती. मुलं अतिशय गरिबांची. दुपारी घरी जेवायला गेलेलं मूल परत येईलच असं नाही; घरी जेवण असेलच असंही नाही. पट रोडावत होता. 16 सप्टेंबर 1920 च्या सभेत अध्यक्षांनी मांडलं, की या शाळेतली मुलं फार गरीब आहेत आणि त्याचा परिणाम शाळेच्या संख्येवर होतोय. ठराव झाला: या शाळेतल्या मुलांना दुपारचं खाणं द्यायचं, खर्च दर मुलामागे दिवसाला एक आण्याहून अधिक नाही.

एक आणा. नव्या पिढीसाठी सांगतो, रुपयाचा सोळावा हिस्सा. शंभर मुलांना द्यायचं तर दिवसाला सव्वासहा रुपये. याच्यासाठी देशातल्या सर्वांत जुन्या महापालिकेची सभा बसली, हात वर झाले, इतिवृत्तात नोंद झाली. त्या दिवशी सभागृहात असलेल्या कुणाला तरी वाटलं असेल का, की आपण काही मोठं करतोय? मला शंका आहे. अशा सभेत त्याआधीच्या विषयाला दिवे असतात आणि नंतरच्या विषयाला पाइप.

योजना चालली. आणखी चार शाळांत गेली. पाचही शाळा मिळून 1922-23 मध्ये 811 मुलं होती, 1924-25 मध्ये 1,671. दोन वर्षांत दुप्पट. एक आण्याच्या हिशेबानं दिवसाचा खर्च जास्तीत जास्त 104 रुपयांच्या आसपास. कुठल्याही स्वागतसमारंभाहून स्वस्त. लिटनचे ते हजार रुपये आठवतात ना? त्यात ही सगळी मुलं नऊ दिवस जेवली असती.

या माणसाची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी तुम्हाला पुतळा दाखवून परत पाठवतोय असं होईल. 1921 मध्ये मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांत मोठा संप झाला. सवर्ण हिंदू आणि मुसलमान कामगार संपावर, आणि आदिद्रविड म्हणजे अस्पृश्य कामगारांतले बरेच जण कामावर. पुळियांतोप्पच्या वस्तीत दंगली पेटल्या, झोपड्या जळल्या, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. जस्टिस पक्षानं काय भूमिका घ्यावी? त्यांच्या पत्रानं दोष टाकला तो सरकारच्या मजूर खात्यावर, की ते आदिद्रविडांचे फाजील लाड करतंय. जे पोटासाठी गिरणीत गेले, ज्यांची घरं जळली, त्यांचे लाड! पक्षाचे अध्यक्ष त्यागराय चेट्टी होते. त्यांना या जबाबदारीतून वगळता येणार नाही. दलितांचे नेते एम. सी. राजा तेव्हा याच पक्षात होते, ते दुखावले ते दुखावलेच आणि 1923 मध्ये बाहेर पडले. ‘ब्राह्मणेतर’ या शब्दात कोण मावतं आणि कोण दाराबाहेर राहतं, हा प्रश्न महाराष्ट्रातही त्याच दशकात उभा होता. बाबासाहेबांनी त्याचं उत्तर आपल्या पद्धतीनं दिलं.

थाउजंड लाइट्सच्या शाळेतल्या मुलाला ताट देणारा हात आणि पुळियांतोप्पकडे पाठ फिरवणारा पक्ष एकाच वेळी, एकाच शहरात होता. दोन्ही एकाच माणसाच्या खात्यावर आहेत. एकानं दुसरं पुसलं जात नाही.

आता परत मांबलमला. शहर वाढत होतं आणि जागा हवी होती. 1920 साली नगररचनेचा कायदा झाला. मांबलमच्या बाजूला एक लांबच लांब तळं होतं, ‘लाँग टँक’ असंच म्हणत त्याला. 1923 पासून ते रिकामं करून तिथं आखीव वसाहत उभी केली. मधोमध बाग, बागेतून चौफेर फुटणारे रस्ते. नावं ठेवली ती सगळी आपल्या मंडळींची: पानगल पार्क, डॉ. नायर रोड, नटेशन पार्क, उस्मान रोड, जी. एन. चेट्टी रोड. आणि वसाहतीला त्यागराय नगर. आजही टी. नगरचा नकाशा म्हणजे जस्टिस पक्षाची हजेरीपटाची वहीच आहे.

रुळांच्या पश्चिमेला मात्र कुणी कंपास घेऊन बसलं नाही. वेस्ट मांबलम आपोआप वाढलं. गावाहून आलेले कारकून, शिक्षक, रेल्वेतले लोक, ब्राह्मण कुटुंबांची दाट वस्ती, भाडं परवडणारं. कित्येक वर्षं या भागाची शहरभर ख्याती होती ती डासांची. हत्तीपायाचा रोग म्हटलं की लोक वेस्ट मांबलमचं नाव घेत, आणि तमिळ विनोदात ते डास अजून गुणगुणतात. इथं एक लेक व्ह्यू रोड आहे. लेक नाही, व्ह्यूही नाही, रोड आहे. तळं बुजवलं पण पाण्याला ते कुणी कळवलं नाही, त्यामुळं मोठा पाऊस झाला की ते आपली जुनी जागा शोधत येतं. नोव्हेंबर 2021 मध्ये टी. नगरच्या रस्त्यांवर गुडघाभर पाणी होतं, आखीव रस्त्यांवरसुद्धा. तेव्हा बोट उचलून दाखवायला लोकांकडे नगरसेवकच नव्हता. 2016 च्या ऑक्टोबरात मुदत संपली होती आणि निवडणूक लागली ती थेट फेब्रुवारी 2022 मध्ये. पाच वर्षांहून अधिक काळ भारताची सर्वांत जुनी महापालिका अधिकाऱ्यांनी चालवली.

मुंबई-पुण्याच्या श्रोत्यांनी हसू नये. 2022 मध्येच आपल्याकडच्या मुदती संपल्या आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. गल्लीतला दिवा लागत नाही म्हणून कुणाच्या दारात जायचं, हे त्या काळात कुणालाच सांगता येत नव्हतं.

2022 च्या निवडणुकीत चेन्नईच्या 200 प्रभागांपैकी बहुतेक द्रमुक आघाडीकडे गेले. भाजपला शहरात एकच जागा मिळाली, ती वेस्ट मांबलमची, प्रभाग 134. उमा आनंदन. त्यांच्या पक्षाबद्दल आणि वक्तव्यांबद्दल वाद झाले, होत राहतील. तो आजचा विषय नाही. मला गंमत वाटते ती भूगोलाची. त्यागराय चेट्टींच्या नावाच्या वसाहतीला लागून, रुळांच्या या बाजूला, त्यांच्या वैचारिक वारसदारांच्या विरोधातला एकमेव प्रभाग. दोनशेत एकटं असलेल्या नगरसेवकाला करता येण्यासारखं काय असतं? प्रश्न विचारणं, अंदाजपत्रकावर बोलणं, हरकत घेणं. म्हणजे 1882 साली त्यागरायांकडे होतं तेवढंच.

तर त्या आण्याचं पुढं काय झालं? महापालिकेच्या दुपारच्या जेवणाचा खर्च प्राथमिक शिक्षणाच्या निधीतून होत होता. प्रांताच्या सरकारनं हरकत घेतली, की हा निधी शिक्षणासाठी आहे, जेवणासाठी नाही. नियमानं बघितलं तर बरोबरच! 1 एप्रिल 1925 पासून तो खर्च नामंजूर झाला. आणि लक्षात घ्या, प्रांतात तेव्हा मंत्रिमंडळ जस्टिस पक्षाचंच होतं.

शाळांतली मुलं गळायला लागली. मागणी होत राहिली, 1927 मध्ये योजना पुन्हा आली, 25 शाळांतल्या 1,000 गरीब मुलांसाठी. पुढे कामराजांनी पन्नासच्या दशकात ती राज्यभर नेली, 1982 मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी तिचा पसारा वाढवला, ‘सत्तुणवु’ म्हणजे सकस जेवण या नावानं. केंद्रानं 1995 मध्ये योजना आणली, 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं जेवण द्यायचा आदेश दिला, आणि आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडीचं पातेलं चढलं. तुमच्यापैकी कित्येकांनी ती खाल्ली असेल. मीठ कमी, डाळ शोधावी लागायची, पण गरम असायची.

चेन्नईच्या रिपन बिल्डिंगच्या आवारात त्यागराय चेट्टींचा पुतळा आहे. 1 एप्रिलला त्यांच्या ठरावातलं जेवण बंद झालं तेव्हा ते हयात होते. त्यांचा मृत्यू 28 एप्रिल 1925 चा, वयाला 73 पूर्ण झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी.